विषय: सोलापूरच्या शाळेसाठी जमलेले पैसे

नमस्कार मंडळी,
दिवाळीला जमलेल्या पैशांतून सोलापूरच्या महापालिका शाळेला प्रोजेक्टर द्यायचं ठरतंय. रक्कम थेट मुख्याध्यापकांकडे पाठवायची का? इथे लेस्टरला मुलीच्या कौन्सिलच्या शाळेत मी पालकांच्या मतांवर निवडून आलेली गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या नियामक मंडळाची सदस्य, आहे. मानधन नाही, पण बजेट आमच्या मंजुरीशिवाय पुढे जात नाही आणि मुख्याध्यापकांची निवडही आम्हीच करतो. काका, तुम्ही सध्या तिथेच आहात. तिथे पालकांना कुणी विचारतं का?

---

ताई,
विचारायलाच हवं, कायदाच तसा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती लागते. तीत निदान 75 टक्के पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सदस्य सचिव. शिक्षकांच्या नेमणुका समितीच्या हातात नाहीत. पण अनुदान कुठे गेलं हे बघणं आणि शाळेचा विकास आराखडा करणं, हे तिचंच काम.

आमच्या पूर्वभागातल्या एका शाळेत नातवामुळे माझं जाणं-येणं असतं. तिथे सभा सकाळी अकराला ठेवायचे. नेमक्या त्याच वेळी निम्म्या आया विड्या जमा करायला कारखान्यात रांगेत उभ्या. मग इतिवृत्त आधीच लिहून ठेवायचं आणि नोंदवही घरोघरी सह्यांना फिरवायची. एका आईने माझ्यासमोर उंबऱ्यातच अंगठा उठवला; कशावर, हे तिला कुणी सांगितलं नाही. मला ते फार लागलं.

खूप मागे लागून सभेची वेळ संध्याकाळी साडेपाच करून घेतली. घरी तेलुगू बोलणाऱ्या बायकांना नोटीस समजावून सांगायला त्यांच्यातलीच एक पुढे आली. पहिल्याच सभेत तिने विचारलं, मुलींच्या संडासाला कडी कधी बसणार? दुसरी म्हणाली, नळाला चार-चार दिवस पाणी नसतं, टाकी मोठी हवी. प्रोजेक्टरचं नाव कुणीच काढलं नाही.

म्हणून म्हणतो, आधी समितीचा ठराव होऊ द्या.

---

काका,
पटलं. प्रोजेक्टर राहू द्या. आपण निवडलेल्या शाळेतल्या आयांनाही आधी विचारून घ्या. सभेत जे ठरेल त्याच्या ठरावाची प्रत आणि समितीच्या खात्याचा तपशील पाठवा, आम्ही तेवढीच रक्कम भरू. तुमच्या शाळेतली ती कडी मात्र याच आठवड्यात बसवून घ्या, तिचे पैसे मी देते.