फिफ्थ व्हीलमधला सोफा बदलायचाय पण दार २६ इंचांचं, कुणी केलंय का?

चाकावरचं_बिऱ्हाड

नमस्कार मंडळी, इथे आरव्हीवाले (राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर वापरणारे) मराठी लोक किती आहेत माहीत नाही पण विचारून बघते. आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो, मागच्या वर्षी एक वापरलेलं फिफ्थ व्हील घेतलं (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पिकअप ट्रकच्या हौद्यात हिच म्हणजे जोडणी बसवून ओढतात ते चाकांवरचं घर), ३२ फुटी आहे, बाकी सगळं छान आहे पण सोफा आता बघवत नाही. लेदर लेदर म्हणून सांगितलं होतं ते लेदर नव्हतंच, सगळीकडून पोपडे निघतायत, बसून उठलं की कपड्यांना तपकिरी चुरा चिकटलेला असतो, सकाळी झाडून काढला की संध्याकाळी परत तेवढाच. वर चादर टाकून चार महिने काढले.

आता घाई अशासाठी की ऑक्टोबरमधे आईबाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी येतायत आणि त्यांना टेक्सासमधलं बिग बेंड राष्ट्रीय उद्यान आणि तिथून पुढे न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला न्यायचं ठरलंय. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. हा सोफा जमिनीपासून १७ इंच, आणि बसलं की आणखी खाली जातो, म्हणजे उठताना कुणाचा तरी हात लागणार, आणि कुणाचा हात धरून उठणं बाबांना अजिबात चालत नाही, ते बसायचंच टाळतील हे मला माहितीये.

अडचण अशी की सोफा ६८ इंच लांब, ३७ खोल, ३४ उंच, स्लाइडमधे (मुक्कामाला भिंतीसकट बाहेर सरकतो आणि प्रवासात आत घेतात तो भाग) बसवलेला, आतून पलंग निघतो त्यातला. दार मोजलं तर मोकळी जागा २६ इंच. ज्या डीलरकडून ट्रेलर घेतला तो म्हणाला फॅक्टरीत आधी सोफा आणि मग भिंत, आता तोडल्याशिवाय निघणार नाही. खरंय का हे? आणि नवा आत कसा घालायचा? नवऱ्याला थिएटर सीट हव्यात (दोन रिक्लायनर, मधे कपहोल्डर), मला साधा सोफा हवाय. कुणी हे काम स्वतः केलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

एल्कहार्टकर

ताई, मी इंडियानात एल्कहार्टजवळ राहतो, अमेरिकेतल्या आरव्ही मोठ्या संख्येने याच भागात बनतात आणि मी काही वर्षं त्याच लाइनवर काम केलंय. डीलरचं अर्धं बरोबर आहे. स्लाइडचा डबा वेगळा तयार होतो आणि सोफा बऱ्याचदा त्यात आधीच बसवतात, म्हणून तो अख्खा दारातून जाईल की नाही हे तेव्हा कुणी बघत नाही. पण तोडायची गरज सहसा पडत नाही, कारण तो सोफा मुळात तुकड्यांचाच असतो.

आधी गाद्या काढा. मग पाठ दोन्ही हातांनी धरून सरळ वर उचलून बघा, बऱ्याच सोफ्यांची पाठ नुसती ब्रॅकेटमधे सरकवलेली असते, कधी कधी मागून एक-दोन स्क्रू. हात (आर्मरेस्ट) आतल्या बाजूने बोल्टने लावलेले असतात, खालचं काळं पातळ कापड स्टेपल केलेलं असतं ते उचकटलं की बोल्ट दिसतात. पाठ आणि हात निघाले की उरलेल्या बैठकीची उंची १८ इंचांच्या आसपास राहते, ती आडवी कलती करून २६ इंचांतून आरामात जाते. जाळीचं दार आधी काढून ठेवा, तेवढीच इंच-दीड इंच जास्त जागा मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पलंगवाला सोफा असेल तर उचलायच्या आधी ती लोखंडी मेकॅनिझम दोरीने गच्च बांधा, दोन ठिकाणी. सोफा कलता केला की ती स्प्रिंगच्या जोराने फटकन उघडते, माझ्या शेजाऱ्याची दोन बोटं त्यात सापडली होती, टाके घालावे लागले. हे हलक्यात घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी चौकोनी खाचेचे स्क्रू असतील, आरव्हीत तेच वापरतात, दोन नंबरचा स्क्वेअर बिट आणून ठेवा नाहीतर फिलिप्सने खाच घासून बसाल.

सोफ्यामागे प्लग असतो, रिक्लायनर पॉवरवाला असेल तर त्याचा ट्रान्सफॉर्मरही तिथेच, ओढायच्या आधी मागे हात घालून वायर सोडवा.

नवा घेताना दुकानातली लांबी-रुंदी बघू नका, खोक्याची बघा. प्रत्येक तुकड्याची सगळ्यात छोटी बाजू २४ इंचांच्या आत हवी. आणि एक करा, पुठ्ठ्याचं तेवढ्या मापाचं खोकं चिकटवून तयार करा आणि ते खोकं हातात घेऊन पायऱ्या चढून दारातून आत जाऊन वळून बघा. दार २६ असतं पण आत गेल्या गेल्या समोर फ्रिज किंवा बेडरूमच्या पायऱ्या येतात, माणसं तिथे अडकतात.

फिनिक्सची_माई

थिएटर सीटबद्दल सांगते, आमच्याकडे तीन वर्षं होत्या. दिसायला झकास, पण एका सीटची बसायची रुंदी जेमतेम २२ इंच आणि दोन्हीकडे जाड हात. त्यात मांडी घालून बसता येत नाही! माझ्या सासूबाई आल्या तेव्हा पहिल्या दिवशी पाय लोंबकळत बसल्या, दुसऱ्या दिवसापासून खाली चटईवर. आणि दुपारी जेवण झाल्यावर वामकुक्षीला आडवं कुठे व्हायचं, मधे तो कपहोल्डर. तुझ्या आईला मांडी घालून बसायची सवय असेल तर सलग सोफाच घे गं.

रेक्झिनबद्दल पण, ते कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो, उन्हात बंद उभ्या असलेल्या ट्रेलरमधे उष्णतेने आणि दमटपणाने तो थर सुटतो. डोक्याचं खोबरेल तेल लागतं तिथे सगळ्यात आधी सुटतो, आमच्या हेडरेस्टला बरोब्बर डोक्याच्या आकाराचा डाग आणि तिथूनच पोपडे सुरू झाले. विणलेलं पॉलिएस्टर घे, कव्हर काढून धुता येईल असं.

सुतारकी_ऑस्टिन

माईंना अनुमोदन. मी फ्लोअरचं लिहितो कारण ते कुणी लिहिलं नाही.

सोफा निघाला की नवा बसवायची घाई करू नका. आधी टॉर्च घेऊन मागची भिंत आणि कोपरे बघा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने फ्लोअर दर चार-पाच इंचांवर टोचा, विशेषतः खिडकीखाली. टोक आत रुतलं तर पाणी मुरलंय. सोफ्यामागे हवा खेळत नाही, थंडीत भिंतीला घाम येतो, खिडकीचं सील सुटलेलं असतं, आणि हे सगळं वर्षानुवर्षं झाकलेलं राहतं. त्यावर नवा सोफा ठेवला तर सहा महिन्यांनी बोल्टच उपटून येतील.

दुसरं, सोफा जमिनीला बोल्ट करणं सोडू नका. बरेच जण नवा आणतात आणि नुसता ठेवून देतात. जोरात ब्रेक लागला की १५०-२०० पाउंडांचा सोफा ओट्यावर जाऊन आदळतो. पण स्लाइडचं फ्लोअर घरातल्या फ्लोअरसारखं जाड नसतं, लांब स्क्रू मारला तर खालून बाहेर येतो आणि स्लाइड आत घेताना रोलर किंवा सील फाडतो. म्हणून जुना स्क्रू काढाल तो टाकू नका, त्याची लांबी मोजा आणि त्याहून एक सूतही (इंचाचा आठवा भाग) लांब वापरू नका.

बाबांच्या उंचीसाठी सोपं आहे. खाली टू बाय फोरचा (इथे दुकानात तयार मिळणारी लाकडी पट्टी) चौकोन करा. आडवी ठेवलेली टू बाय फोर दीड इंच उंची देते (नाव टू असलं तरी असते दीडच), दोन थर दिले की तीन इंच. चौकट फ्लोअरला स्क्रू करायची आणि सोफा चौकटीला, म्हणजे फ्लोअरला भोकं पण कमी. चौकटीच्या कडेला आठ-दहा ठिकाणी भोकं पाडा हवा खेळायला. सोफ्याखाली फर्नेसचं (ट्रेलर गरम ठेवणारं यंत्र) व्हेंट म्हणजे हवेची जाळी असेल तर तेवढा भाग उघडा ठेवा, झाकलं तर फर्नेस गरम होऊन मधेच बंद पडतो.

चाकावरचं_बिऱ्हाड

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. थिएटर सीट रद्द, मांडीचा मुद्दा वाचून नवराच म्हणाला आई आल्यावर खाली बसणार असतील तर नकोच. बाबांना फोन केला, घरातल्या कुठल्या खुर्चीतून तुम्हाला सहज उठता येतं ते मोजून कळवा. त्यांनी ओसरीवरच्या लाकडी खुर्चीची उंची टेपने मोजली, टेप धरलेला फोटोच पाठवला, १९ इंच. तर आता मला १९ हवेत, बसल्यावर.

दोन शंका. एक, बैठक दारातून गेलीच नाही तर खिडकी काढावी लागते असं एकीकडे वाचलं, ते कितपत अवघड? दोन, वजनाचं कसं बघायचं?

एल्कहार्टकर

खिडकी अवघड नाही पण एकट्याने करू नका. आतल्या बाजूने एक रिंग असते, तिला सगळीकडून बारीक स्क्रू, ते काढले की रिंग निघते आणि खिडकी फक्त सीलच्या चिकटपणावर उभी राहते. त्या वेळी बाहेर एक माणूस दोन्ही हात लावून उभा पाहिजे. परत बसवताना जुना डिंकासारखा थर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून मिनरल स्पिरिटने पुसा, नवी ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ चिकट पट्टी) फ्रेमला सलग लावा. स्क्रू ड्रिलने नको, हाताने, समोरासमोरचे थोडे थोडे. दुसऱ्या दिवशी परत एकदा आवळा, टेप दबते तसे ते सैल होतात.

वजनासाठी दाराच्या आत पिवळं स्टिकर असेल, त्यावर सामान किती पाउंडांपर्यंत घालता येईल ते लिहिलेलं असतं. तुम्ही जुना काढताय त्यामुळे फरकच फक्त मोजायचा. पलंगवाले जुने सोफे लोखंडामुळे जड असतात, बहुतेक वजन कमीच होईल. सोफा चाकांच्या आसपास असेल तर पिन वेटला (ट्रकवरच्या हिचवर येणारं ट्रेलरचं वजन) फार फरक पडत नाही, अगदी मागच्या भिंतीला असता तर विचार करावा लागला असता.

आणि हो, स्लाइड आत घेऊन मोजा! स्लाइडच्या मागच्या भिंतीपासून ओट्यापर्यंत. बाहेर काढलेल्या स्लाइडमधे सगळं बसतं.

चाकावरचं_बिऱ्हाड

अपडेट. झालं एकदाचं, दोन शनिवार-रविवार गेले.

पाठ खरंच नुसती वर उचलली आणि निघाली, आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, चार महिने ज्याला घाबरत होतो ते तीन मिनिटांत हातात. हातांचे बोल्ट मात्र गंजले होते, एक शेवटी करवतीने कापला. मेकॅनिझम बांधली होती तरी दाराशी कलती करताना आतून कुरकुरली, न बांधता उचललं असतं तर काय झालं असतं देव जाणे. लोखंड भंगारवाल्याने फुकट नेलं, गाद्या कचऱ्यात.

फ्लोअर टोचलं. खिडकीच्या डाव्या कोपऱ्याखाली साधारण तळहाताएवढ्या जागेत स्क्रूड्रायव्हर केकमधे जावा तसा आत गेला. पोटात गोळाच आला. तेवढा भाग कापून पंखा लावून पाच दिवस वाळवला, खालून पट्टी देऊन नवं प्लायवुड बसवलं. खिडकी सोफ्यासाठी काढावी लागली नाही पण गळत होती म्हणून काढलीच, आणि एल्कहार्टकरांनी सांगितलं तसं सगळं केलं, मी बाहेर धरून उभी होते, हात भरून आले पण पडू दिली नाही. बागेच्या नळीने वीस मिनिटं पाणी मारलं, आत एक थेंब नाही.

सोफा खोक्यात येणारा, तीन तुकड्यांचा, ७० इंचांचा घेतला. स्लाइड आत घेतल्यावर ४१ इंच मिळतात, हा ३५ खोल आहे, म्हणजे सहा इंचांची मोकळी जागा राहते. खाली टू बाय फोरचे दोन थर. बसल्यावर उंची १९ आणि वर एक सूत. बाबांना टेप धरलेला फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "बरोबर आहे, आता हलवू नका."

सुतारकी_ऑस्टिन

फार छान काम केलंत. एक शेवटचं, पहिल्या प्रवासानंतर बोल्ट परत आवळा, नवं लाकूड बसतं आणि ते ढिले होतात.

चाकावरचं_बिऱ्हाड

कालच रिकामा ट्रेलर घेऊन सॅन अँटोनिओला जाऊन आलो. तुमचं वाचून आल्या आल्या पाना लावला, चारपैकी तीन जागचे हलले नाहीत, खिडकीकडच्या नव्या प्लायवुडमधला एक अर्धा वळसा फिरला. बिग बेंडला निघायच्या आदल्या दिवशी परत बघणार आहे.