सी हॅरियर: १/७२ घ्यायचं का १/४८? आणि मोठं स्केल म्हणजे चांगलं किट असतं का?

मालवण_किनारा:
नमस्कार मंडळी, मालवणहून लिहितोय. २०२३ च्या ४ डिसेंबरला तारकर्लीला नौदल दिन झाला तेव्हा भाचा बरोबर होता, मिग-२९के डोक्यावरून गेलं आणि तेव्हापासून त्याचं विमानवेड सुरू झालं. यंदा मे महिन्यात गोव्याला बोगमाळोचं नौदलाचं विमान म्युझियम बघून आलो, तिथे मात्र त्याला सी हॅरियरच आवडलं, आता म्हणतो मामा आपण हेच बनवायचं. पोरगा सातवीत आहे, हात बरा आहे, पेपरची कातरकामं वगैरे छान करतो.
प्रश्न असा की ऑनलाइन बघितलं तर प्लास्टिक मॉडेलचं किट १/७२ आणि १/४८ (म्हणजे खऱ्या विमानाच्या ७२ पट किंवा ४८ पट लहान) दोन्ही स्केलमध्ये मिळतंय, १/४८ ची किंमत बघून जरा थांबलो, पण एक जण म्हणाला मोठं स्केल घे, त्यात डिटेल जास्त असतं, छोटी किटं म्हणजे खेळणी. दुसरा म्हणतो कंपनी बघ, स्केल बघू नको. शिवाय एकाच विमानाचे पाच-सहा डबे दिसतात आणि वरचं चित्र सगळ्यांचं भारीच असतं, त्यावरून काहीच कळत नाही. जाणकारांनी जरा सांगा. आणि आता पाऊस चालू आहे, रंगकाम आत्ता करावं का दिवाळीनंतर?

रत्नागिरी_हँगर:
दादा, आधी टेप काढा आणि कपाट मोजा, हे मी प्रत्येकाला सांगतो. सी हॅरियर खरं साधारण साडेचौदा मीटर लांब आणि पंख टोकापासून टोकापर्यंत ७.७ मीटर. म्हणजे १/७२ ला लांबी २० सेंटिमीटर आणि पंख पावणेअकरा, १/४८ ला लांबी ३० आणि पंख १६. लांबीत दीडपटच फरक आहे पण पृष्ठभाग सव्वादोनपट होतो, म्हणजे रंग, पॉलिशपेपर, पुट्टी, मेहनत सगळं तेवढं वाढतं, आणि डब्याची किंमत वाढते ती वेगळीच.

आता क्वालिटी. स्केलचा आणि क्वालिटीचा थेट संबंध नाही हे मी अगदी ठामपणे सांगतो. किटची क्वालिटी ठरते साच्यावर, तो कोणत्या साली बनला, कोणी बनवला आणि आतापर्यंत किती वापरला गेला. स्टीलचा साचा अनेक वर्षं चालतो, कंपनी तोच साचा पुन्हा पुन्हा काढते, नवीन चित्र लावते, नवीन डिकल (पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची चिन्हं आणि नंबर) टाकते आणि नवीन डबा म्हणून विकते, कधी तर एका कंपनीचा साचा दुसऱ्या कंपनीच्या डब्यात येतो. म्हणून डब्यावरचं साल बघून काही कळत नाही. उदाहरण तुमच्याच विमानाचं घ्या. एअरफिक्सचं १/७२ सी हॅरियर एक १९८० च्या दशकातलं आहे आणि एक २०१० साली पूर्ण नवीन साच्यात आलेलं आहे, कंपनी तीच, स्केल तेच, विमान तेच, पण किटं दोन वेगळीच. तसंच तामियाचं नाव ऐकून लोक डोळे झाकून घेतात, तामिया माझीही आवडती कंपनी आहे, पण त्यांचं १/४८ सी हॅरियरसुद्धा १९८० च्या दशकातलंच आहे, त्याला आजच्या तामियाच्या फिटिंगच्या अपेक्षा लावू नका. स्केलमेट्स नावाच्या साइटवर किटचा नंबर टाका, साचा कधीचा आणि कोणाकोणाच्या डब्यातून फिरला ते झाडासारखं काढून दाखवतात, खरेदीच्या आधी मी तिथे बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

मग डब्यातल्या स्प्रूचे, म्हणजे पार्ट ज्या फ्रेमला चिकटून येतात त्यांचे फोटो शोधा आणि चार गोष्टी बघा. पॅनल लाइन, म्हणजे विमानाच्या पत्र्यांच्या जोडाच्या रेषा, उठलेल्या आहेत का कोरलेल्या. जुन्या साच्यांत बहुतेक उठलेल्या असतात, जोड घासताना त्या पुसल्या जातात आणि परत कोरत बसावं लागतं. पण कोरलेली लाइन दिसली म्हणजे झालं असंही नाही, बारीक आहे का ते बघा, १/७२ मध्ये लाइन ०.३ मिलिमीटर रुंद असेल तर खऱ्या विमानावर ती दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त रुंद फट झाली, अशी फट घेऊन कुठलं विमान उडतं? पंखाची मागची कडा बघा, तिथे एक मिलिमीटर जाडी म्हणजे खऱ्यात सात सेंटिमीटर. पार्टच्या कडेला पातळ पापुद्रा सुटलेला दिसला, म्हणजे फ्लॅश, तर साचा थकलाय. आणि जाड भागावर खळगा, त्याला सिंक मार्क म्हणतात, प्लास्टिक थंड होताना आत ओढलं जातं म्हणून होतो, तो पुट्टीने भरता येतो पण डिटेलच्या मध्यावर असेल तर वैताग. १/३२ च्या मोठ्या डब्यातही हे सगळं असू शकतं आणि १/१४४ मध्ये एकही नसू शकतं.

कणकवली_कटर:
वरच्या सरांशी साच्याबद्दल शंभर टक्के सहमत, पण सातवीतल्या मुलासाठी मी तरी १/४८ च म्हणेन आणि कारण डिटेल नाही, बोटं आहेत. १/७२ मध्ये सहा फुटाचा माणूस बरोब्बर एक इंच होतो, या स्केलमध्ये एक इंच म्हणजे सहा फूट असा हिशेबच आहे, मग त्या पायलटच्या हातातली स्टिक केवढी होईल विचार करा. चिमट्यातून उडाली की फरशीवर सापडत नाही. १/४८ मध्ये कॉकपिट रंगवताना पोराला काहीतरी दिसतं, सीटचे पट्टे, पॅनलवरचे डायल, आणि त्यातच त्याची गोडी टिकते. कायनेटिक कंपनीचं १/४८ एफआरएस १ (सी हॅरियरचाच एक प्रकार) अलीकडचं आहे, पार्ट मात्र भरपूर आहेत, मामाला शेजारी बसावं लागेल.

एक गोष्ट मात्र स्केल कोणतंही घ्या, हॅरियरला लक्षात ठेवा. बाकीच्या विमानांसारखी तीन पायांची गोष्ट नाही, मधोमध पुढेमागे दोन पाय आणि पंखाखाली दोन बारीक आधाराची चाकं. चारही जागची चाकं एकाच वेळी जमिनीला टेकली पाहिजेत आणि नेमकं तेच जमत नाही. पाय एका दमात चिकटवू नका. आधी मधले दोन लावा, ग्लू अजून ओला असताना काचेच्या तुकड्यावर विमान उभं करा, समोरून डोळा काचेच्या पातळीला आणून बघा, पंख कुठे कललेत ते सरळ करा आणि तसंच रात्रभर ठेवा, मग दुसऱ्या दिवशी पंखाखालचे पाय काचेला टेकतील तेवढे घासून बसवा. ग्लू प्लास्टिकचाच वापरा, तो पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतो म्हणून सरळ करायला वेळ देतो, सुपरग्लू देत नाही.

वेंगुर्ले_ब्रश:
रंगाचं मी सांगते कारण बाकीचे किनाऱ्यापासून आत राहणारे हे नेहमी विसरतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे लॅकर, म्हणजे थिनरवाला झटपट वाळणारा रंग, मारू नका, आणि वरून मारायचा ग्लॉस किंवा मॅट पारदर्शक क्लिअर कोट तर अजिबात नको. होतं काय, लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेत एवढा दमटपणा असतो की त्या गार पृष्ठभागावर पाणी बसतं आणि कोट दुधासारखा पांढरा होतो. गडद करड्या विमानावर हे इतकं वाईट दिसतं ना. रिटार्डर घातलेलं थिनर वापरलं तर उडणं सावकाश होतं आणि पांढरेपणा कमी होतो, पण श्रावणात त्याच्याही भरवशावर राहू नका. पाण्यातले ॲक्रिलिक चालतात, फक्त वाळायला वेळ घेतात, वरून वाळल्यासारखा वाटतो आणि बोट लावलं की ठसा, त्यामुळे रंगाच्या दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ दे. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा) असेल तर कंप्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप हवाच, नाहीतर रंगातून थेंब येतात. आणि लाईट जाते तेव्हा कंप्रेसर अर्ध्या पंखावर बंद पडतो हे तुम्हाला सांगायला नको.

पावसात काय करावं तर कापणं, घासणं, कॉकपिट ब्रशने रंगवणं, जोड भरणं. मोठे कोट ऑक्टोबर हीटमध्ये मारा, तेव्हा हवा कोरडी होत जाते. आणि डिकलचा कागद आत्ताच डब्यातून काढून झिपच्या पिशवीत सिलिकाजेलच्या पुडीबरोबर ठेवा, आपल्या हवेत तो पिवळा पडतो, कधी बुरशी धरतो आणि मग पाण्यात टाकला की तुकडे होतात. पोराने मन लावून बनवलेल्या विमानावर तुटका डिकल बसवताना फार वाईट वाटतं.

मालवण_किनारा:
खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. अजून दोन शंका. एक, डब्यांवर कुठे एफआरएस १ लिहिलंय, कुठे एफए २, आपलं कोणतं? दोन, भाचा म्हणतो त्याच्या शेजारी मिग-२९के पण हवं, मग दोन्ही एकाच स्केलचं घ्यावं ना?

रत्नागिरी_हँगर:
एफए २ घेऊ नका, तो ब्रिटिश नौदलाचा नंतरचा सुधारित प्रकार, नवीन रडारमुळे नाकच वेगळं आणि मागचं धडही लांबवलेलं. आपल्या नौदलाकडे एफआरएस ५१ होतं, ते बाहेरून एफआरएस १ सारखंच. १९८३ पासून गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर ३०० नंबरचं स्क्वॉड्रन, व्हाइट टायगर्स, आधी विक्रांत मग विराट या विमानवाहू नौकांवरून उडायचे आणि मे २०१६ मध्ये निवृत्त झाले. फरक मुख्यतः क्षेपणास्त्रांत, ब्रिटिशांचं साइडवाइंडर तर आपलं फ्रान्सचं मात्रा मॅजिक. डब्यात साइडवाइंडर येईल, ते लावू नका, मॅजिक वेगळं मिळवा नाहीतर फक्त इंधनाच्या टाक्या लावून ठेवा, तेही शोभतं. भारतीय चक्र आणि आयएन ६०१ पासूनचे नंबर बहुतेक डब्यांत नसतात, वेगळा डिकलशीट मागवावा लागतो, तो कोणत्या स्केलचा मिळतोय ते आधी बघा आणि मग किट घ्या. माझ्या मते तुमचा निर्णय तिथेच होईल.

मिगचं सांगायचं तर डब्यावर नुसतं मिग-२९ लिहिलेलं बहुतेक वेळा हवाई दलाचं असतं. के चा पंख मोठा आणि घडीचा, शेपटाखाली हूक, आणि पंखाच्या मुळावर वरच्या बाजूला साध्या मिगला हवा घ्यायच्या ज्या जाळीदार फटी असतात त्या के ला नाहीत. स्प्रूच्या फोटोत त्या फटी दिसल्या की पुढे चला. १/४८ मध्ये हॉबीबॉसचं के आहे.

आणि हो, शेजारी ठेवायचं तर स्केल एकच, याला पर्याय नाही. के सव्वासतरा मीटर लांब, १/४८ ला ३६ सेंटिमीटर, १/७२ ला २४. पुढे भाच्याला आयएल-३८ हे नौदलाचं मोठं टेहळणी विमान हवं झालं, जे दाबोळीलाच असायचं, तर त्याचे पंख १/७२ ला ५२ सेंटिमीटर होतात, १/४८ ला तर पाऊण मीटरच्याही पुढे, ते कुठे ठेवणार? ज्यांना नौदलाची सगळी विमानं रांगेत मांडायची असतात ते म्हणून १/७२ वर थांबतात. मी तसाच थांबलोय.

कणकवली_कटर:
हे मात्र मला पटलं. संग्रह करायचा असेल तर १/७२, एकच विमान मनापासून करायचं असेल तर १/४८. भाच्यालाच विचारा ना.

मालवण_किनारा:
विचारलं. म्हणाला सी हॉक आणि अलीझे पण करूया, १९७१ ला विक्रांतवरून गेलेली ती. म्हणजे १/७२ च. २०१० च्या साच्याचं एअरफिक्स स्केलमेट्सवर नंबर जुळवून बघितलं, डिकलशीट पण १/७२ चाच मिळतोय. अलीझे तीन चाकांचं आहे, ते मागे शेपटीवर तर बसणार नाही ना? देव बरा करो सगळ्यांचा.

वेंगुर्ले_ब्रश:
बसू शकतं, त्यासाठी नाकात वजन घालतात. बाजारातून काही आणू नका, जाळ्याला लावतात ते शिशाचे तुकडे मालवणात कोणाही रापणकराकडे मिळतील, हातोडीने चेपून धड बंद करायच्या आधी अगदी पुढे बसवा आणि टेप लावून आधी तोल बघा. भाच्याला शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायला लावा.