क्रियापदातच हात, पाय आणि दात: ओमाहा भाषेची मांडणी मराठी संग्रहाला चालेल का?

प्रश्न | रामबाग, इंदूर

नमस्कार. इंदूरच्या मराठी घरांत बोलली जाणारी, शारीरिक कृतींची आणि आवाजांची क्रियापदे मी गोळा करीत आहे. आमच्याकडची मुले शाळेत आणि गल्लीत दिवसभर हिंदी बोलतात आणि हिंदीतल्या 'तोड़ना'ने मराठीतल्या कितीतरी क्रियापदांची जागा बळकावलेली रोज ऐकू येते. फूल 'तोडले', पेन्सिल 'तोडली', काच 'तोडली' असे ती सर्रास म्हणतात. त्याच घरातली आजी मात्र कोथिंबीर खुडते, पेन्सिल मोडली म्हणून रागावते आणि काच फुटली की आधी सगळ्यांना लांब उभे करते. हा फरक पुढच्या पिढीत उरावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचण मांडणीची आहे. संग्रह वर्णानुक्रमाने लावला, तर 'खुडणे' आणि 'उपटणे' यांच्यात शेकडो शब्दांचे अंतर पडते आणि दोघांचे नाते वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतील ओमाहा लोकांच्या भाषेत क्रिया हाताने झाली, पायाने झाली की दाताने, हे क्रियापदाच्याच सुरुवातीला सांगितले जाते, असे वाचनात आले. ही व्यवस्था नेमकी कशी चालते, आवाजांच्या क्रियापदांनाही ती लागू होते का आणि तिच्या धर्तीवर मराठी संग्रह लावता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ | दांडिया बाजार, वडोदरा

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण या भाषाकुलाचा अभ्यास मी बरीच वर्षे आवडीने करीत आहे. ओमाहा ही सू भाषाकुलातील धेगिहा शाखेची भाषा आहे. पोंका लोकांची बोली तिच्या इतकी जवळची आहे की दोन्ही मिळून एकच भाषा मानली जाते, तर ओसेज, कॉ आणि क्वापॉ या त्याच शाखेतल्या बहिणी आहेत. ओमाहा लोकांचे राखीव क्षेत्र नेब्रास्का राज्यात मिसुरी नदीच्या काठी आहे आणि ओमाहा शहराला त्यांचेच नाव मिळाले आहे. भाषा अस्खलित बोलणारे आता फारच थोडे राहिले आहेत. वाक्यात क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते, त्यामुळे मराठी वाचकाला तिची वाक्ये फारशी परकी वाटत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. या भाषेतील पुष्कळ क्रियापदांचे दोन भाग पडतात. मागचा भाग, म्हणजे धातू, वस्तूचे काय झाले ते सांगतो आणि पुढचा छोटा उपसर्ग ते कोणत्या जोराने झाले ते सांगतो. लांबट, काठीसारखी वस्तू मोडण्याचा धातू 'ख़ाँ' घ्या. हाताने मोडली तर 'दिख़ाँ', घाव घालून मोडली तर 'गाख़ाँ', पायाखाली मोडली तर 'नाँख़ाँ'. (येथे 'द' लिहिला असला तरी उच्चार घर्षणाचा आहे, जिभेचे टोक दातांना जेमतेम टेकवून करायचा. रोमन लिपीत तो 'टी-एच' असा लिहितात.) तुकडा वेगळा होण्याचा धातू 'से' आहे. त्यापासून सुरीने कापण्यासाठी 'मासे', दाताने तोडण्यासाठी 'दासे' आणि कुऱ्हाडीने तोडण्यासाठी 'गासे' अशी रूपे होतात. याशिवाय ढकलण्यासाठी 'बा', वरून दाबण्यासाठी 'बि', गोळी किंवा बाण मारण्यासाठी 'मु' आणि उष्णतेसाठी 'ना' असे उपसर्ग आहेत. पायाचा 'नाँ' नाकातून उच्चारायचा आणि उष्णतेचा 'ना' नाकाशिवाय, हे भान सतत ठेवावे लागते.

यातला 'गा' मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. तो माणसाने मारलेल्या फटक्यासाठी येतो, तसाच वाऱ्यासाठीही येतो. कुऱ्हाडीने तुटलेली फांदी आणि वादळाने तुटलेली फांदी या भाषेत एकाच दाराने आत येतात. मराठीत पहिलीला 'तोडली' आणि दुसरीला 'तुटली' म्हणून आपण करणारा आहे की नाही हे सांगतो. ओमाहात 'गा' आधी जोराची जात सांगतो, मग तो हात कोणाचा असो वा वाऱ्याचा.

हे उपसर्ग क्रियापदाला नुसते चिकटवलेले नाहीत, ते पुरुषाच्या रूपांतही मुरलेले आहेत. 'दिख़ाँ'चे 'मी मोडले' असे रूप 'ब्दिख़ाँ' होते, म्हणजे 'मी' दाखवणारा आवाज उपसर्गाच्या आधी येतो. उलट सुरीच्या 'मा'मध्ये 'मी'चा स्वर उपसर्ग आणि धातू यांच्यामध्ये शिरतो आणि 'माआसे' असे रूप मिळते. व्याकरणकार यावरून उपसर्गांचे आतले आणि बाहेरचे असे दोन वर्ग करतात.

आवाजांनाही हीच व्यवस्था लागू आहे. याचे स्वच्छ उदाहरण ओमाहाची दूरची नातलग लकोटा हिच्यात मिळते. तिच्यात खुळखुळण्याच्या, घणघणण्याच्या आवाजाचा 'ख़्ला' हा धातू आहे. हाताने घंटा वाजवली तर 'युख़्ला', फटक्याने आवाज निघाला तर 'काख़्ला'. लकोटातला 'यु' म्हणजेच ओमाहातला 'दि' आणि 'का' म्हणजे 'गा'. दोन भाषा वेगळ्या होऊन कितीतरी शतके लोटली, तरी ही जोडी दोन्हीकडे टिकून आहे.

उत्तर २ | लष्कर, ग्वाल्हेर

वरील उत्तर अतिशय उपयुक्त आहे, परंतु या उपसर्गांना आपल्या 'प्र', 'आ', 'वि' या संस्कृत उपसर्गांचे भाऊ समजू नये, अशी विनंती आहे. 'प्रहार', 'आहार', 'विहार' यांत उपसर्गाने अर्थ सगळाच पालटतो, साधन कोणते ते कळत नाही. ओमाहातील उपसर्गाचे काम साधन आणि जोर सांगण्याचे आहे.

मराठीचा स्वभाव यापेक्षा वेगळा आहे. आपल्याकडे साधन धातूच्या पोटातच दडलेले असते आणि ते सोलून काढता येत नाही. 'चिरणे' म्हटले की पाते आले, 'ठेचणे' म्हटले की दगड किंवा बत्ता आला, 'तुडवणे' म्हणजे पाय, 'कुरतडणे' म्हणजे दात, 'चुरगळणे' म्हणजे मूठ, 'ओरबाडणे' म्हणजे नखे. त्याच वेळी 'मोडणे', 'फाटणे', 'फुटणे', 'तुटणे' ही चौकडी साधनाबद्दल काहीच बोलत नाही. ती फक्त वस्तूची जात सांगते: काठी मोडते, कापड फाटते, मडके फुटते, दोरी तुटते. ओमाहातील धातू नेमके हेच काम करतात. तेव्हा या दोन भाषांची गाठ साधनापेक्षा या चौकडीपाशी अधिक घट्ट पडते, असे माझे मत आहे.

कोशाच्या मांडणीविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकात जेम्स ओवेन डॉर्सी यांनी पोंका आणि ओमाहा लोकांमध्ये राहून ही भाषा टिपली आणि 1890 मध्ये त्यांचा कथांचा व पत्रांचा मोठा संग्रह छापला गेला. 1895 मध्ये ते वारले, तेव्हा कोशासाठी केलेल्या हजारो चिठ्ठ्या अप्रकाशित राहिल्या होत्या. अशी भाषा वर्णानुक्रमाने लावली, तर फटक्याची सगळी क्रियापदे 'ग'खाली आणि हाताची सगळी 'द'खाली आपोआप गोळा होतात, पण 'ख़ाँ'चे कुटुंब विखुरते. आपल्याकडे वर्णानुक्रमाने दोन्ही विखुरतात, म्हणून आपल्याला तक्ता करण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर | रामबाग, इंदूर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तक्त्याची कल्पना मला पटली आहे. आडव्या ओळीत वस्तूचे काय झाले ते आणि उभ्या रकान्यात जोर, असे मी योजले आहे. 'दाताने' या रकान्यात 'चावणे' आणि 'कुरतडणे' सहज बसले, पण दोरी दाताने तोडण्याला स्वतंत्र क्रियापद सापडत नाही. ते घर रिकामे ठेवावे का? आणि मोहरीचे 'तडतडणे' कोठे घालावे? तेथे हात नाही, पाय नाही आणि शब्द तर आवाजाचा आहे.

उत्तर ३ | दांडिया बाजार, वडोदरा

रिकामे घर अवश्य रिकामे ठेवा आणि त्यात 'दाताने तोडणे' असे बारीक अक्षरात लिहा, म्हणजे मराठी कोठे एका शब्दात बोलते आणि कोठे तृतीया विभक्तीची मदत घेते हे मुलांना दिसेल. शब्द बनवून ते घर भरू नये.

'तडतडणे'साठी ओमाहातील 'ना' उपसर्ग वाट दाखवतो. त्याच्या क्रियापदांना करणारा लागत नाही, वस्तू स्वतःच तापाने बदलते. आपल्याकडेही उष्णतेचा रकाना चांगला भरलेला निघेल: भाजी करपते, पीक उन्हाने होरपळते, गरम चहा ओतल्यावर काच तडकते, मोहरी तडतडते. आवाजाची क्रियापदे निराळ्या पानावर न नेता याच तक्त्यात ठेवा आणि त्यांच्यापुढे लहानशी खूण करा. 'खुळखुळणे', 'खणखणणे', 'सळसळणे' यांच्या बाबतीत मराठी कान आधी वस्तू ओळखतो. नाणी खुळखुळतात, भांडी खणखणतात, पाने सळसळतात. ती हाताने हलवली की वाऱ्याने, हे आपण वेगळे सांगतो. म्हणून ही क्रियापदे अनेक रकान्यांत पसरलेली दाखवावी लागतील. माळव्यातल्या घरांत काही आवाजांचे शब्द महाराष्ट्रापेक्षा वेगळे ऐकू येत असतील, तर ते कोणत्या घरात ऐकले त्याची नोंद प्रत्येक शब्दाशेजारी आताच करून ठेवावी.