विजयपूर पोटनिवडणूक २०२४: निकाल बूथनिहाय कसा वाचायचा?

जनकगंज_ग्वाल्हेर
नमस्कार मंडळी. मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यातल्या विजयपूर विधानसभा जागेच्या निकालावर अभ्यासगटात टिपण मांडायचं आहे, त्यासाठी मदत हवी. रामनिवास रावत २०२३ ला काँग्रेसकडून १८,०५९ मतांनी निवडून आले. एप्रिल २०२४ मध्ये ते भाजपमध्ये गेले, जुलैत मंत्री झाले आणि नोव्हेंबरमध्ये त्याच जागेवर काँग्रेसच्या मुकेश मल्होत्रांकडून ७,३६४ मतांनी पडले. इथे ग्वाल्हेरात बाड्याच्या चौकात कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: सहरिया आदिवासींची मतं, पक्षांतराचा राग, भाजपच्या जुन्या कार्यकर्त्यांची नाराजी. तिन्हींत तथ्य असेल. पण कोणत्या गावात कशाने किती फरक पडला, हे आकड्यांतून काढता येतं का? दोन्ही निवडणुकांचे फॉर्म २० (मतदान केंद्रनिहाय निकालाचे अधिकृत तक्ते) उतरवून घेतलेत, पण ओळी जुळत नाहीत आणि रकानेही जुळत नाहीत. शिवाय या जागेला 'सुरक्षित' म्हणावं का?

बूथनिहाय
आधी शेवटचा प्रश्न. म्हणू नका. २०१८ मध्ये भाजपच्या सीताराम आदिवासींनी याच रावतांना २,८४० मतांनी हरवलं होतं. रावत इथून अनेकदा निवडून आले, त्यात मंत्रिपद मिळालं, म्हणून जागा पक्की वाटली.

आता रकाने. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार येतात, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावं वर्णक्रमाने. फॉर्म २० चे रकाने याच क्रमाने असतात. मल्होत्रा २०२३ ला अपक्ष होते, म्हणून त्यांचा रकाना उजवीकडे, अपक्षांच्या घोळक्यात आहे. २०२४ ला ते काँग्रेसचे, म्हणून पहिल्या गटात. रावत दोन्ही वर्षी पहिल्या गटातच, फक्त पक्ष बदललेला. रकान्याला पक्षाचं नाव देऊन शीट जोडलीत तर एकाची मतं दुसऱ्याच्या नावावर चढतील. रकान्याला उमेदवार आणि पक्ष दोन्ही लिहा: 'रावत-काँ-२३', 'रावत-भाज-२४'.

ओळी न जुळण्याचं कारण केंद्रक्रमांक. मतदार वाढले की साहाय्यक केंद्र निघतं, कधी दोन केंद्रं एक होतात, आणि मग पुढचे सगळे क्रमांक सरकतात. म्हणून क्रमांकावर जोडू नका. दोन्ही वर्षांच्या मतदान केंद्रांच्या याद्या घ्या, त्यात गाव आणि शाळेची इमारत दिलेली असते. एका गावाची सगळी केंद्रं एकत्र करून गावाची एकच ओळ करा. वाड्या-मजऱ्यांचे मतदार शेजारच्या गावात मतदान करत असतील तर तीही त्याच ओळीत घ्या.

फॉर्म २० बहुधा स्कॅन केलेला असतो. यंत्राने वाचून घेतलात तर ३ चा ८ आणि ० चा ६ होतो. प्रत्येक ओळीची बेरीज छापील एकूण मतांशी आणि प्रत्येक रकान्याची बेरीज तळाच्या एकूण आकड्याशी ताडून पाहा. नोटा वेगळा ठेवा. टपाली मतं गावाला वाटता येत नाहीत, ती तळाशीच राहू द्या. गावांची बेरीज आणि जाहीर निकाल यांत तेवढाच फरक राहिला पाहिजे. पुनर्मतदान झालेल्या केंद्रावर खूण करा, तिथला कल इतरांशी ताडू नका.

जनकगंज_ग्वाल्हेर
आभारी आहे. रकान्याची चूक माझ्या शीटमध्ये अगदी हीच होती. आता 'पक्षाची मतं गेली की माणसाची?' हे कसं वेगळं काढायचं?

बूथनिहाय
इथे तुलनेला दोन आधार लागतात. एकूण आकडे समोर ठेवा.

२०२३: रावत, काँग्रेस ६९,६४६, बाबूलाल मेवरा, भाजप ५१,५८७, मल्होत्रा, अपक्ष ४४,१२८.
२०२४: मल्होत्रा, काँग्रेस १,००,४६९, रावत, भाजप ९३,१०५.

रावतांची मतं त्यांच्यामागे गेली आणि भाजपची जागेवर राहिली असती, तर १,२१,२३३ व्हायला हवी होती. पडली २८,१२८ कमी. उलट बाजूने, काँग्रेसची सगळी मतं काँग्रेसकडे राहून मल्होत्रांची त्यात मिळाली असती तर १,१३,७७४. तीही १३,३०५ कमीच. म्हणजे 'माणूस गेला, मतंही गेली' आणि 'मतं पक्षाचीच' ही दोन्ही विधानं पूर्ण खरी नाहीत. गावपातळीवर उतरायचं ते यासाठी.

एक काल्पनिक गाव घ्या. २०२३ ला ६२० मतं: काँग्रेस २००, भाजप १५०, मल्होत्रा २२०, इतर ५०. २०२४ ला ६१०: मल्होत्रा ३९०, रावत १८०, इतर ४०. जुनी काँग्रेस अधिक अपक्ष ६७.७ टक्के होती, आता मल्होत्रा ६३.९ वर. भाजप २४.२ वरून २९.५ वर. अशा गावात रावत फारसं काही घेऊन गेले नाहीत. ज्या गावात काँग्रेसचे ३०० होते आणि आता भाजपचे आकडे तितकेच फुगलेत, तिथे मतं माणसामागे गेली असं मानायला जागा आहे. दोन्ही प्रकारची गावं वेगळ्या रंगांनी नकाशावर मांडा. कार्यकर्त्यांच्या नाराजीची खूणही तिथेच सापडेल: जिथे मेवरांचा आकडा मोठा होता तिथे रावत त्याच्या खाली गेलेत का, ते बघा.

सहरिया मतांबद्दल सावध राहा. मतं जातवार मोजली जात नाहीत. २०११ च्या जनगणनेत गावनिहाय अनुसूचित जमातीची लोकसंख्या आहे, श्योपूर जिल्ह्यात ती मुख्यतः सहरियांची. ६० टक्क्यांहून जास्त आणि १० टक्क्यांहून कमी जमात असलेली गावं अशी दोन टोकं ताडून पाहा. मधल्या गावांत कोणाचं मत कुठे गेलं ते सांगता येत नाही.

रामबाग_इंदूर
याच दिवशीचा, मध्य प्रदेशातल्याच बुधनीच्या पोटनिवडणुकीचा निकालही सोबत ठेवा. खरी सुरक्षित जागा ती होती. २०२३ ला शिवराजसिंह चौहान १,६४,९५१ आणि काँग्रेस ५९,९७७. पोटनिवडणुकीत रमाकांत भार्गव १,०७,४७८ आणि काँग्रेसचे राजकुमार पटेल ९३,५७७. भाजपने जागा राखली, पण फरक १,०४,९७४ वरून १३,९०१ वर आला. भाजपची ५७,४७३ मतं घटली, काँग्रेसची वाढली ३३,६००. म्हणजे किमान २३,८७३ मतं काँग्रेसकडे गेलीच नाहीत. घरी राहिली किंवा तिसरीकडे गेली. इथे उमेदवार बदलला होता, पक्ष नाही. विजयपूरमध्ये उमेदवार तोच, पक्ष बदलला. म्हणून दोन्ही शेजारी ठेवले तर तुमचा प्रश्न जास्त नीट उलगडतो.

मांडवी_बडोदा
'स्विंग' हा शब्द टिपणात वापरणार असाल तर त्याची अट लक्षात घ्या. इंग्लंडच्या उत्तर श्रॉपशर या ग्रामीण जागेवर डिसेंबर २०२१ च्या पोटनिवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट १०.० टक्क्यांवरून ४७.२ वर गेले, काँझर्व्हेटिव्ह ६२.७ वरून ३१.६ वर आले. वाढ ३७.२, घट ३१.१, दोन्हींची निम्मी बेरीज सुमारे ३४, यालाच स्विंग म्हणतात. पण काँझर्व्हेटिव्हांची २३,४१२ मतं घटली आणि लिबरल डेमोक्रॅटांची वाढली १२,३१४, त्यातही लेबरची ८,८०९ घटलेली. मतदान ६७.९ वरून ४६.३ टक्क्यांवर आलं होतं. ३४ चा आकडा ऐकून वाटतं की लोक पक्ष सोडून विरोधकांकडे गेले; प्रत्यक्षात बरेच जण मतदानालाच आले नाहीत. विजयपूरला मतदान ७५ टक्क्यांच्या वर होतं, तिथे घरी बसण्याचं कारण फार पुरणार नाही. आणि रावत स्वतःच इकडून तिकडे गेल्यामुळे काँग्रेस ते भाजप असा सरळ स्विंग काढलात तर तो निरर्थक येईल.

जनकगंज_ग्वाल्हेर
मग स्विंगचा रकाना काढून टाकतो आणि तुलनेच्या दोन आधारांचे दोन रकाने ठेवतो. याद्या जोडायला आज रात्री घेतोय. एकाच नावाची दोन गावं आली तर?

बूथनिहाय
तहसील आणि पटवारी हलका (आपल्याकडचा तलाठी सजा) सोबत लिहा. जनगणनेचा गावसंकेतांक मिळाला तर तोच किल्ली म्हणून वापरा, नावावर जोडूच नका.