मदत हवी आहे: सोलर आत्ताच बसवू की थांबू?

मंडळी, इंदूरला राजेंद्र नगरात आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवायचंय, केंद्राच्या पीएम सूर्य घर योजनेची ७८,००० रुपये सबसिडी धरून हिशोब जमतोय. पण व्हेंडर म्हणतो नेट मीटरिंगचे (ग्रिडला दिलेले युनिट आपल्या बिलातून वजा होण्याचे) नियम बदलणार, लवकर उरका. दिवसा घरी फक्त आई, पंखा अन् फ्रिज, बाकी सगळे युनिट ग्रिडला जाणार आणि एसी चालणार रात्री, त्यामुळे युनिटला युनिट वळतं होणं बंद झालं तर गणितच बिघडेल हो. पश्चिमेला शेजाऱ्यांची टाकी आहे, चारनंतर सावली येते, स्ट्रक्चर उंच करावं लागेल, तिथे घाई नकोच वाटते. ज्यांनी बसवलंय त्यांनी प्लीज सांगा, नियम बदलले तर जुने लागू व्हायला अर्जाची तारीख धरतात की मीटर लागल्याची? वीज कंपनीशी नेट मीटरिंगचं ॲग्रीमेंट किती वर्षांचं मिळालं?