मदत हवी आहे: चौथीसाठी सारख्या काठिण्याचे दोन चाचणी-संच

मूल किती जाणतं यापेक्षा मदत मिळाल्यावर किती शिकतं, हे तपासणारी चाचणी बांधतोय. आधी १२ आकृतिबंधांचा (ओळींतला बदल ओळखून सोडवायच्या आकृत्यांचा) संच अ, मग शिकवण्याची २० मिनिटांची तीन सत्रं, आठवड्याने संच ब. मूल अडलं की ठरलेल्या क्रमाने इशारे: ‘पुन्हा नीट बघ’, ‘आडव्या ओळीत काय बदलतंय?’, ‘उभ्या ओळीत?’, शेवटी तसाच एक सोडवून दाखवणं. मुख्य नोंद किती इशारे लागले याची.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसात बुद्धिमापनाची चाचणी केली ती मदतीची गरज असलेली मुलं ओळखायला. बुद्धी वाढत नाही, हे त्यांना मान्यच नव्हतं. तरी एका आकड्यावरून मुलाला ‘ढ’ ठरवतात, हे फार खुपतं.

संच ब सोपा निघाला तर वाढ खोटी दिसेल, म्हणून निम्म्या मुलांना आधी ब देणार. एका गटाला सत्रं दुसऱ्या चाचणीनंतर, नाहीतर नुसत्या सरावाने वाढलेले गुणही शिकवण्याच्या खात्यावर जमा होतील.

खरी अडचण शाब्दिक प्रश्नांची. ‘रहाट : पाणी, तर जातं : ?’ यात घरी अहिराणी किंवा कोरकू बोलणारं मूल तर्काला नाही, शब्दालाच अडू शकतं. चित्रं दिली तर भाषेतली समज मोजलीच जात नाही.

यावर काम केलेल्यांनी सांगावं: इशारे घरच्या भाषेत द्यावेत का? आणि काठिण्य जुळवायला ३० मुलांवरची पूर्वचाचणी पुरेल का?