दुकानाच्या गच्चीवर सौर पॅनेल: मुंबईत कितपत उपयोग?

प्रश्न (दादर): आमचे किराणा दुकान स्वतंत्र बैठ्या इमारतीत असून गच्चीवर साधारण 1,000 चौरस फूट जागा मोकळी आहे. वीजबिलापेक्षाही कार्बन उत्सर्जन कमी करणे हा हेतू आहे. पॅनेल बसवल्यास कितपत फरक पडेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (मुलुंड): एका किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट जागा लागते, त्यामुळे 10 किलोवॅटपर्यंत वाव आहे. वर्षाच्या सरासरीने दिवसाला 40 युनिटच्या आसपास वीज मिळेल आणि ग्रिडच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला दहा टन उत्सर्जन टळते. जुलै-ऑगस्टमध्ये अर्थातच उत्पादन बरेच घसरते. तुमचे फ्रीज आणि एसी भर दुपारीच चालतात, ही जमेची बाजू.

उत्तर (विलेपार्ले): आधी सावली पाहा. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्याच्याशी जोडलेल्या पूर्ण ओळीचे उत्पादन घटू शकते. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते, म्हणून सांगाडा जस्तलेपित पोलादाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचाच घ्यावा. कंत्राटदार इथेच हात आखडता घेतात. पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान केवळ घरगुती ग्राहकांना आहे, तेव्हा ते हिशेबात धरू नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. शेजारच्या चाळीचा पुनर्विकास व्हायचा आहे, त्यामुळे नियोजित इमारतीची उंची कळल्याशिवाय आगाऊ रक्कम देणार नाही.